हरवलेलं बोंडलं

आमच्या घरात एक चांदीचं बोंडलं हरवलेलं होतं, आणि ते माझ्या जन्माच्याही आधीपासून हरवलेलं होतं. हल्लीच्या मुलींना बोंडलं म्हणजे काय ते सांगावं लागतं. तान्ह्याला दूध पाजायची ती छोटीशी वाटी, एका बाजूला चोच काढलेली. चोच बाळाच्या ओठांना लावायची आणि वाटी हलकेच कलती करायची. आई पहिलं बाळंतपण उरकून केळव्याहून नंदाखालला सासरी आली, तेव्हा तिच्या मांडीवर माझा मोठा भाऊ होता आणि ट्रंकेत माहेरचं हे बोंडलं. पुढे मायलेकरांना एकदमच ताप भरला. आई वाचली, तो वाचला नाही. ती हिंडूफिरू लागली तोवर सगळं उरकलेलं होतं, आणि ट्रंकेत बोंडलं नव्हतं. तापाच्या गुंगीत तिने अप्पांच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, ट्रंक उघडताना पाहिलं होतं. "मी तापात होती, आंधळी नव्हती," हे वाक्य मी लहानपणी पाढ्यांबरोबर पाठ केलं. मुलाबद्दल ती अवाक्षर काढत नसे. बोंडल्याबद्दल मात्र तासभर बोलू शकायची.

आत्या भुईगावला दिलेली, म्हणजे सायकलवर येण्याजाण्याइतकी जवळ. दिवाळीला आणि तिकडच्या जत्रेला आम्ही जायचो. आई जायची, बसायची, आत्याच्या सुनांची चौकशीही करायची, पण त्या घरात पाण्याचा थेंब घ्यायची नाही. "आत्तास घेऊन आली ताई," एवढंच म्हणायची. आत्याही काही कमी नव्हती, नाही म्हटलं तरी चहाचा कप आईच्या पुढ्यात आणून ठेवायचीच. दोघी भाताच्या भावाबद्दल बोलत राहायच्या, चहावर साय धरायची, आणि शेवटी अप्पा निमूटपणे आपला कप संपवून आईचाही प्यायचे. मला वाटायचं, अप्पांना चहाच फार आवडतो.

त्या उन्हाळ्यात मी बारावीची परीक्षा देऊन घरी मोकळी होते. मोकळी म्हणजे आमच्या वाडीत जेवढं मोकळं असता येतं तेवढीच. सुकेळ्यांचे दिवस होते. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर वाळत घालायची, संध्याकाळी गोळा करून पेंढ्यात झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची, आणि दिवसभर कावळे हाकायचे. हाताला, केसांना, अंथरुणालाही तो गोड उबट वास. मागे पाण्याच्या इंजिनाची धडधड आणि तीनदा चर्चची घंटा. आमच्या हिंदू घरातही दुपारचा भात त्या घंटेवरच चुलीवरून उतरायचा. मला पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. अप्पांना ठाऊक होतं: कॉमर्स, मग एखादी बँक, मग लग्न. त्यांचा तो सरळ रस्ता एका खड्ड्यामुळे वाकडा झाला, आणि तो खड्डा त्यांनी स्वतःच खणायला घेतला होता.

जुन्या बावखलाचं पाणी मचूळ व्हायला लागलं होतं. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. ते बिघडलं तर केळी कशावर जगणार, म्हणून अप्पांनी वरच्या अंगाला नवीन टाकी खणायचं ठरवलं. खणायला शेजारचा इनासकाका. त्याने अर्ध्या वसईच्या विहिरी खणल्या होत्या, आणि प्रत्येक विहिरीत आपल्याला हंडा सापडणार यावर त्याचा ठाम विश्वास होता. हंडा सापडला नाही, पण खापरं निघायला लागली. लाल, पातळ, काळ्या रेघांची. आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या मास्तरांनी चार खापरं पिशवीत घालून पुण्याला नेली, आणि आठवडा उलटायच्या आत तिथल्या पुरातत्त्वाच्या प्राध्यापक बर्वेबाई आपल्या तीन विद्यार्थ्यांना घेऊन आमच्या ओटीवर हजर झाल्या. टोपी, पुरुषी शर्ट, कमरेला पिशवी. एवढी मोठी बाई चिखलात मांडी घालून बसते आणि तिला कोणी काही म्हणत नाही, हेच मला आधी आवडलं. हाडं आणि खापरं मागाहून आवडली.

आईने त्यांना जेवूखाऊ घालायचं कबूल केलं, एका अटीवर. "कटे खणायसं ते खणा. साफ्याच्या कोपऱ्यात जाऊ नका." आमच्या बोलीत चाफ्याचा साफा होतो आणि चहाचा सहा. कारण विचारलं तर म्हणाली, मुळं दुखावतात. सोनचाफ्याचं ते झाड वाडीच्या टोकाला होतं, आणि खरंच त्या बाजूला कोणी फिरकत नसे. बाईंनी मान डोलावली. त्यांचे चर टाकीपासून सुरू झाले आणि दोऱ्या लावून चौकोन आखले गेले. दुसऱ्याच दिवशी मी सुकेळी धाकट्या भावावर सोपवून चरात उतरले. बाईंनी एकदा वर पाहिलं आणि माझ्या हातात ब्रश दिला. "घाई करायची नाही. माती सांगेल तेवढंच खणायचं."

माती सांगते हे मला नवीन नव्हतं. वाडीवाल्याच्या मुलीला ते कळतंच. पण मातीला एवढं सांगता येतं हे नवीन होतं. ही चूल, ही जमीन सारवलेली, हा खांबाचा खड्डा, लाकूड कुजून गेलं तरी त्याच्या जागी काळा ठिपका राहिलेला. आमच्या राजेळ्यांच्या खाली कोणाचं तरी घर होतं. सोपाऱ्याचा स्तूप बांधला गेला त्याच्याही आधी कोणीतरी इथे भाकरी भाजली होती! मला रात्री झोप लागेना. आज मी नायगावला उंच इमारतीत राहते. शेजारी नव्या टॉवरचा पाया खणताना मशीन माती उचलतं, तेव्हा या वयातही मी गॅलरीच्या कठड्यावरून इतकी वाकून बघते की मुलगी ओरडते. त्या उन्हाळ्यात अंगात जे भरलं ते अजून उतरलेलं नाही.

संध्याकाळी ओटीवर जेवणं व्हायची. सुक्या बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी, इनासकाकाने आगाशीहून आणलेलं कोंबडी-पोह्यांचं भुजिंग, आणि तोंडी लावायला बाईंच्या गोष्टी. बाई मेलेल्या माणसांबद्दल अशा बोलायच्या जशी काही ती शेजारीच राहतात. देशावरच्या काही जुन्या वस्त्यांमध्ये, त्या म्हणाल्या, लहान मूल गेलं की त्याला दोन मडक्यांत ठेवायचे, मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. घराबाहेर नाही. मोठ्या माणसांना पुरताना काही ठिकाणी घोट्याखाली पाय तोडलेले सापडतात.

"का म्हणून?" इनासकाकाने विचारलं.

"काही जण म्हणतात, मेलेल्याने परत येऊ नये म्हणून. नक्की कोणालाच माहीत नाही."

"आमच्यात तसं नाय. ल्हान पोराला सफेद पेटी असते," इनासकाका म्हणाला. "आन फादर ल्हान पोरासाठी रडायसं नाय म्हणतात. सगळे रडतात."

आई भाकरी वाढत होती. ती तशीच थांबली. "पाय कशाला तोडायसे? येईना का परत," ती म्हणाली, आणि पुढच्या ताटाकडे गेली. आमच्याकडे दात न आलेल्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात, हे मला माहीत होतं. माझ्या भावाला कुठे पुरलं हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं, आणि त्या वेळीही विचारलं नाही. मला मडकी हवी होती. अठराव्या वर्षी माणसाला दुसऱ्याचं मेलेलं मूलच फार मोठं वाटतं.

आणि मग तो काळा गोल आला. बाईंनी एक चर चाफ्याच्या दिशेला वाढवला होता, आईची अट सांभाळून, झाडापासून चांगला लांब. मी एकटीच खरवडत होते. पिवळ्या वाळूत घमेल्याएवढा काळपट गोल उमटला, कडा अगदी साफ. माझं काळीज उडालं आणि दुसऱ्याच क्षणाला जागेवर आलं, कारण तो मी ओळखला. केळीचं आळं! आमच्या वाडीत खड्डा करून त्यात राख, शेण, पालापाचोळा घालतात आणि कंद लावतात. केळ संपली की तो खड्डा मातीत असाच काळा राहतो. असे शेकडो गोल मी नांगरताना पाहिले होते. मी मोठ्या तोऱ्यात बाईंना बोलावून हे सगळं समजावलं. इनासकाकाने वाकून पाहिलं आणि माझी री ओढली, "केळीसाच खड्डा." बाईंनी गोलाचं माप घेतलं. तो भाग सोडून पुढे सरकायचं ठरलं. पुण्याच्या बाईंना मी काहीतरी शिकवलं, या आनंदात मी इतकी फुगले होते की विचारू नका.

आई चहाची किटली घेऊन आली ती त्याच वेळी. चरात कधी न डोकावणारी बाई, पण लेकीचं कौतुक चाललंय म्हटल्यावर डोकावली. "कसलं आळं?"

"केळीचं. जुनं आहे."

"तटे केळ कधी नव्हती. सासूबाईंच्या वेळेपासून तटे कोणी कुदळ मारीत नाय. म्हणून तर तटे..." किटली कलती झाली होती, चहा तिच्या पायावर सांडत होता आणि तिला कळत नव्हतं. मला मात्र सगळं एकदमच कळलं. आळं नसेल तर तो पुरल्याचा खड्डा. आणि पुरल्याचा असेल तर कोणाचा?

बाईंनी हातातला दोरा खाली ठेवला. "सगळे वर या," त्या एवढंच म्हणाल्या. विद्यार्थी वर आले, इनासकाकाने डोक्याचा रुमाल काढला. बाई आईजवळ जाऊन बसल्या. आईने त्यांना सांगितलं ते असं: पोराला चाफ्याच्या कोपऱ्यात ठेवलं एवढंच तिला माहीत होतं. ती तेव्हा शुद्धीवर नव्हती. नंतर कधी तिने विचारलं नाही आणि अप्पांनी दाखवलं नाही. दरवर्षी केळीच्या पहिल्या घडाची एक फणी ती झाडाच्या बुंध्याशी ठेवायची, अंदाजाने. आता हा गोल झाडापासून लांब होता, पण वीसेक वर्षांपूर्वी झाड केवढं होतं आणि कोपरा कुठवर होता, कोण सांगणार? ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "तू त्याच्यावर ब्रश मारीत होती काय गो?" तो प्रश्न रागाचा नव्हता, म्हणूनच मला रडू फुटलं.

अप्पा खालच्या अंगाला पानवेलींना पाणी सोडत होते. त्यांना बोलवायला धाकटा भाऊ धावला. ते आले, चराच्या कडेला उभे राहिले, गोलाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग चाफ्याला वळसा घालून पलीकडे, कुंपणाच्या बाजूला गेले आणि एका जागी उभे राहिले. तिथे एक चपटा दगड होता. आम्ही पोरं त्यावर चिंचा ठेचायचो.

"अटे हाय," ते म्हणाले.

"नक्की?" आईने विचारलं.

"मीस ठेवलाय ना."

आई उठून तिथपर्यंत गेली. दगडावर तळहात ठेवला, जरा वेळ ठेवला, आणि परत चराशी आली. तिचा चेहरा मी आजवर विसरले नाही. माणूस बुडता बुडता तळाला पाय लागल्यावर दिसेल तसा तो दिसत होता. गोलाकडे बोट दाखवून तिने बाईंना विचारलं, "मंग हे कोणासं?"

"ते उघडल्याशिवाय कळणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही सांगितल्याशिवाय मी उघडणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर उद्या सकाळी हा चर बुजवून टाकू."

बाईंचा सगळा उन्हाळा त्या गोलावर होता, हे मला माहीत होतं. माझाही होता. मी आईच्या तोंडाकडे पाहत राहिले. मनातल्या मनात उघडा म्हण, उघडा म्हण असा जप चालला होता आणि त्याची लाजही वाटत होती. आईने पदराने पाय पुसला. "उघडा," ती म्हणाली. "पण मी अटेस बसणार."

आणि ती बसली. तिने आपला पाट आणला, छत्री आणली, सुकेळ्यांचं सूप मांडीवर घेतलं आणि चराच्या काठावर ठाण मांडलं. आमची बोटं जरा जोरात चालली की वरून आवाज यायचा, "सावकाश." बाई हसायच्या, पण सावकाश व्हायच्या. आधी एका मडक्याचा फुगीर कुशीचा भाग दिसला. मग दुसऱ्याचा. दोन्ही आडवी, तोंडाला तोंड, अगदी बाईंनी ओटीवर सांगितलं होतं तशी. त्या क्षणी मी काय केलं ते मला आठवत नाही. भाऊ सांगतो, मी चरातल्या चरात उड्या मारल्या आणि बाईंनी मला दंडाला धरून बसवलं. तोवर अर्धं नंदाखाल कुंपणाशी गोळा झालं होतं. इनासकाका प्रत्येकाला सांगत होता की हंडा शेवटी निघालाच, पण यात सोनं नाय, बाळ हाय, तेव्हा हळू बोला. आणि एवढी माणसं खरोखर हळू बोलत होती.

वरची बाजू खचलेली होती, तिथून बाईंनी ब्रशने माती काढली. आत हाडं होती, सुक्या बोंबलाच्या काट्यांएवढी बारीक. आमच्या जमिनीत शिंपल्यांची भुकटी फार, त्यामुळे टिकली, नाहीतर कोकणच्या लाल मातीत ती कधीच विरघळली असती. कवटीचे तुकडे अंड्याच्या टरफलासारखे पातळ. जबड्यात दात होते, पण अजून बाहेर न आलेले. आणि छातीशी, कोणीतरी मुद्दाम टेकवून ठेवलेलं, मुठीत मावेल असं लाल मातीचं भांडं. एका बाजूला चोच.

"चोचीचं भांडं," बाई म्हणाल्या. "अशी सापडतात. कशासाठी वापरत, नक्की सांगता येत नाही."

"सांगता कसं नाय येत?" आई काठावरून म्हणाली. "बोंडलं हाय ते."

"असेल हो. पण मला तसं लिहिता येणार नाही."

या दोन वाक्यांच्या मध्ये मी पुढचं सगळं आयुष्य काढलं. बाईंच्याच हाताखाली शिकले आणि मग स्वतः खणत हिंडले. किती ठिकाणी किती बाळांची मडकी उघडली, आणि दर वेळी अहवालात "चोचीचं भांडं" असंच लिहिलं, कारण तेच बरोबर आहे. आणि दर वेळी आईचा आवाज ऐकू आला, कारण तोही चुकीचा नाही.

आई सूप खाली ठेवून चरात उतरली. भांड्याला तिने हात लावला नाही, फक्त जवळून पाहिलं. "त्यांनी दिलं बघ त्याला," ती मला म्हणाली. "तटे दूध कोण पाजणार, म्हणून दिलं. आमच्या पोराला आम्ही कायस नाय दिलं." आणि तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ती त्याच्यासाठी मोठ्याने रडली. माणसं होती, परके होते, तिला कशाचंच काही नव्हतं.

अप्पा चराच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. त्यांनी घसा खाकरला. "दिलाय," ते म्हणाले.

आईने वर पाहिलं.

"बोंडलं. तुझ्या माहेरसं. त्याच्या हाताशी ठेवलाय. मी मागितला, ताईने ट्रंकेतून काढून दिला." मग एवढं बोललेच आहेत तर उरलेलंही टाकून द्यावं तसे म्हणाले, "सांदी मातीत घातली म्हणून माझी आई घर डोक्यावर घेईल, म्हणून ताईला म्हटलं, कोणाला बोलू नको. तू उठली तशी ताईवर तुटून पडली. मंग बोलायसं राहिलं."

"राहिलं?" आई म्हणाली. "इतकी वर्षं राहिलं?"

ताई बोलली नाही, कारण भावाने सांगितलं होतं. ते बोलले नाहीत, कारण ताई बोलली नाही. दर दिवाळीला दोन कप चहा पिऊन त्यांनी जमेल तेवढं फेडलं, असं मला आता वाटतं. माझ्या हातून किती पुरलेले मणी, वाट्या, बांगड्या निघाल्या, आणि दर वेळी मला वाटतं की घरात कोणीतरी ही वस्तू शोधत बसलं असेल, कोणावर तरी आळ घेत असेल. हेही अहवालात लिहिता येत नाही.

आमचं बोंडलं अजून त्या दगडाखाली आहे. बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. वाडी आता भाऊ सांभाळतो, कुंपणापलीकडे इमारती आल्या, पण चाफ्याच्या कोपऱ्यात तो कुदळ मारू देत नाही, आणि पहिली फणी आता नेमक्या जागी ठेवली जाते.

दुसऱ्या दिवशी आईने सकाळची सुकेळी पसरली नाही. आंघोळ करून नवं लुगडं नेसली, मला म्हणाली, "सल भुईगावला." अप्पा चपला शोधू लागले, तर म्हणाली, "तुम्ही नको." आत्या अंगणात भात पाखडत होती. दिवाळी नाही, जत्रा नाही आणि भावजय दारात, म्हणून ती सूप हातात धरून उभीच राहिली. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं, तिला कळलं.

आई पायऱ्या चढून सरळ आत गेली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली.

"ताई," ती म्हणाली, "सहा टाका. आज मी घेऊन नाय आली."